शब्दप्रक्रियक

शब्दप्रक्रियक : मजकूर लिहिणे, त्यात फेरफार करणे, तो साठविणे, त्याची मांडणी करणे व तो छापणे ही कामे संगणकाच्या साहाय्याने करणारी आज्ञावली. व्यवहारात ती वर्ड प्रोसेसर या इंग्रजी नावानेच ओळखली जाते. टंकलेखन यंत्रावर लिहिणे व छापणे या दोन क्रिया कळीच्या एकाच आघातात घडतात. शब्दप्रक्रियकात त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात आणि मधल्या काळात मजकूर संकेतांकांच्या रूपाने संगणकाच्या स्मृतीत राहतो. या एका फरकातूनच शब्दप्रक्रियकाचे बहुतेक गुण आणि नवशिक्याच्या बहुतेक अडचणी उद्भवतात. मराठीच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. कारण देवनागरीत डोळ्यांना दिसणारे अक्षर आणि स्मृतीत साठविलेले संकेतांक यांच्यात एकास एक असा संबंध नसतो.

इतिहास : चुंबकीय फितीवर मजकूर साठवून तो पुन्हा टंकलिखित करणारे यंत्र आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये बाजारात आणले. कागदावर जसे छापले जाईल तसेच पडद्यावर दाखविणारी ‘ब्राव्हो’ ही आज्ञावली झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास तयार झाली. त्याच केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत घडविली. व्यक्तिगत संगणकाबरोबर ‘वर्डस्टार’ (१९७८) व ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ (१९८३) यांचा प्रसार झाला. विनामूल्य उपलब्ध असणाऱ्या आज्ञावलींमध्ये ‘लिबरऑफिस’ (२०१०) ही प्रमुख होय. या आज्ञावलींची रूपे भिन्न असली, तरी मूलभूत क्रिया सर्वांत सारख्याच आहेत. त्यामुळे एक चांगली अवगत झाली की दुसरी शिकण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

प्राथमिक वापर : नवशिक्याने प्रथम ओळखावयाची खूण म्हणजे पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ, म्हणजेच दर्शक. टंकलिखित अक्षर नेहमी दर्शकाच्या जागी उमटते. माउसचा बाण कोठे आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. दर्शक हलविण्यासाठी बाणांच्या कळी असतात. दर्शकाच्या मागील चिन्ह पुसणारी व पुढील चिन्ह पुसणारी अशा दोन निराळ्या कळी असतात.

टंकलेखन यंत्राची सवय असणाऱ्यास दोन गोष्टी विसराव्या लागतात. यंत्रावर ओळ संपली की घंटी वाजते व गाडा हाताने मागे सरकवावा लागतो. शब्दप्रक्रियकात ओळ आपोआप पुढच्या ओळीवर वळते. एंटर ही कळ केवळ परिच्छेद संपल्यावरच दाबावयाची असते. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती दाबल्यास पुढे एखादा शब्द घातला वा गाळला की सर्व परिच्छेदाची मांडणी विसकटते. दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. शीर्षक मध्यभागी आणण्यासाठी वा रकाने जुळविण्यासाठी अंतराची पट्टी पुन:पुन्हा दाबण्याची रीत यंत्रावर निरुपायाने पडली होती. येथे मध्यभागी जुळविण्याची आज्ञा, टॅबचे थांबे आणि तक्ता ही साधने असतात. अंतरे मोजून जुळविलेले रकाने अक्षराचे आकारमान बदलताच ढळतात.

उदाहरणादाखल पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक या गावच्या ग्रामसभेची सूचना घेता येईल. (कुकडी नदीकाठचे हे गाव तेथील ज्वालामुखीय राखेच्या थरामुळे भूवैज्ञानिकांना व पुरातत्त्वज्ञांना परिचित आहे.) सूचनेत शीर्षक, दिनांक, स्थळ, विषयांची यादी व सहीची जागा एवढाच मजकूर असतो आणि तो सभेगणिक थोडाच बदलतो. म्हणून पहिली सूचना तयार होताच ती योग्य नावाने साठवावी व पुढील वेळी नव्या नावाने तिची प्रत काढून तीत फेरफार करावेत. नव्या नावाने साठविण्याचे विसरल्यास जुनी सूचना नष्ट होते. कार्यालयीन दप्तराच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. नावात वर्ष, महिना व दिवस या क्रमाने दिनांक घातल्यास यादीत सूचना आपोआप कालानुक्रमे लागतात.

फेरफारासाठी प्रथम इष्ट मजकूर निवडावा लागतो व नंतर आज्ञा द्यावी लागते. ‘आधी निवड, मग आज्ञा’ हा क्रम सर्वच आज्ञावलींत पाळला जातो. निवडलेला मजकूर कापणे, त्याची प्रत घेणे, तो अन्यत्र चिकटविणे आणि केलेली क्रिया रद्द करणे या चार आज्ञांवर प्रारंभीचे बरेचसे काम भागते. शेवटची आज्ञा नवशिक्यास सर्वांत आधी शिकवावी, कारण ती हाताशी आहे हे कळले की यंत्राचे भय निम्मे कमी होते. मुद्रणापूर्वी कागदाचे आकारमान (सामान्यतः ए-४, म्हणजे २१० × २९७ मिमी.) व समास तपासून पाहावेत. दीर्घ मजकुरात प्रत्येक मथळा स्वतंत्रपणे ठळक करण्याऐवजी मथळ्याची शैली एकदाच ठरवून ती सर्वत्र लावणे श्रेयस्कर असते. त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते.

देवनागरी मजकुराची घडण : मराठी टंकलेखन यंत्रावर दोन्ही स्थाने मिळून नव्वदीच्या आसपास चिन्हे बसत. तेवढ्यांतच सर्व बाराखड्या व जोडाक्षरे साधावयाची असल्याने अक्षरांचे दृश्य तुकडे पाडण्यात आले होते. अर्धे अक्षर व काना जोडून पूर्ण अक्षर घडे आणि पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी येते म्हणून ती आधी टंकित करावी लागे. टंकलेखक उच्चार मनात न धरता आकृती पाहून लिही.

संगणकीय मजकुरात हा क्रम उलटतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत (पहिली आवृत्ती १९९१) देवनागरीसाठी १२८ स्थानांचा एक गट राखून ठेवलेला आहे. त्यात पूर्ण व्यंजने, स्वर, स्वरचिन्हे व पाय मोडण्याचे चिन्ह यांना संकेतांक आहेत. अर्ध्या अक्षरांना वा बहुसंख्य जोडाक्षरांना नाहीत. ‘बुद्रुक’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. स्मृतीत मात्र तो ब, उकार, द, पाय मोडण्याचे चिन्ह, र, उकार, क अशा सात संकेतांकांचा असतो. त्यांपासून ‘द्रु’ ही आकृती घडविण्याचे काम टंक किंवा फाँट आणि त्याला साहाय्य करणारी आज्ञावली करते. ‘जिल्हा’ या शब्दात ज आधी व वेलांटी नंतर साठविली जाते. पडद्यावर ती ज च्या आधी दिसते, ती केवळ आकृती घडविताना. मराठी लिहिणारा शब्द उच्चारतो त्याच क्रमाने संकेतांक साठविले जातात, असे थोडक्यात म्हणता येईल. अनेक वर्षे यंत्रावर काम केलेल्या कुशल टंकलेखकाला नवशिक्यापेक्षा येथे अधिक अडखळावे लागते.

इन्स्क्रिप्ट हा कळफलक या तत्त्वावर बेतलेला आहे. त्यात स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. अल्पप्राण व महाप्राण व्यंजने एकाच कळीवर असतात : ‘के’ या कळीवर क व शिफ्टसह ख, ‘वाय’ वर ब व शिफ्टसह भ. स्वरचिन्ह व पूर्ण स्वर यांचीही अशीच जोडी असते. ‘बुद्रुक’ लिहिण्यास वाय, जी, ओ, डी, जे, जी, के अशा सातच कळी लागतात आणि त्यांचा क्रम संकेतांकांचा क्रमच असतो. ‘डी’ या कळीवरील पाय मोडण्याचे चिन्ह हा या कळफलकाचा कणा होय. ते हाताला वळले की कोणतेही जोडाक्षर वेगळे पाठ करावे लागत नाही. जुन्या टंकलेखकांच्या सोयीसाठी रेमिंग्टन पद्धतीचा कळफलकही उपलब्ध असतो. रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी शब्द मिळविण्याची तिसरी पद्धत सर्वांत लोकप्रिय आहे. ती शिकावी लागत नाही हा तिचा गुण. परंतु यंत्राने पुढे केलेल्या पर्यायांतून ऱ्हस्वदीर्घ पाहून निवड करावी लागते आणि घाईत ही निवड यंत्रावरच सोपविली जाते, हा तिचा दोष.

दिसण्यातील साम्य व संकेतांकांतील भेद : आकृती सारखी दिसली म्हणजे मजकूर सारखाच आहे असे शब्दप्रक्रियकात धरून चालता येत नाही. मराठीत या बाबतीत फसगत होण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. ‘स्वतः’ व ‘दुःख’ या शब्दांतील विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह लिहिण्याची सवय सार्वत्रिक आहे. वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही. यंत्र मात्र अपूर्णविरामापाशी शब्द तोडते, त्यामुळे शोध घेताना तो शब्द सापडत नाही व कधी ओळीच्या अखेरीस त्याचे दोन तुकडे होतात. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : ऱ या स्वतंत्र संकेतांकाचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, परंतु एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास बहुधा सापडत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबून मिळणारा ऱ वापरणे सोपे व निःसंदिग्ध ठरते. साध्या र चा पाय मोडून अदृश्य चिन्ह न घातल्यास रफार उमटतो आणि ‘दऱ्या’ लिहावयाचे असता ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात जावे लागते.

गावांच्या नावांत ही अडचण अधिक जाचक ठरते. एकाच नावाच्या दोन वस्त्यांपैकी मोठीला बुद्रुक व लहानीला खुर्द म्हणण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. हस्तलिखित दप्तरात हे शब्द संक्षेपाने ‘बु॥’ व ‘खु॥’ असे लिहिले जात. कळफलकावर लिहिताना त्या दोन उभ्या रेघांसाठी कोणी दुहेरी दंडाचे चिन्ह वापरतो, कोणी एकेरी दंड दोनदा देतो, कोणी गणितातील उभी रेघ दोनदा दाबतो, तर कोणी रेघा टाळून पूर्णविराम देतो. ‘बुद्रूक’ असा दीर्घ उकारही आढळतो. माणसाला ही पाचही रूपे एकाच गावाची वाटतात. यंत्राच्या लेखी ती पाच निरनिराळी गावे असतात. लाभार्थ्यांच्या यादीत ज्याच्या गावाचे नाव पाचव्या रीतीने लिहिले गेले, त्याचे नाव पहिल्या रीतीने शोध घेणाऱ्यास दिसणार नाही आणि ‘यादीत नाव नाही’ असे उत्तर त्याला मिळेल. म्हणून कोणत्याही कार्यालयाने नावांचे एकच रूप ठरवून, शक्य तेथे संक्षेप टाळून, ते सर्वत्र वापरणे आवश्यक असते. आधी लिहिल्या गेलेल्या मजकुरात ‘शोधा व बदला’ या आज्ञेने एकरूपता आणता येते. मात्र ‘बु.’ हा तुकडा अन्य शब्दांच्या शेवटीही असू शकतो. सर्व बदल एकदम न करता एकेक पाहून मान्य करावेत.

चिन्हांचा क्रम चुकल्यास काही वेळा यंत्रच सूचना देते. ‘यांना’ लिहिताना काना आधी व अनुस्वार नंतर आला पाहिजे. क्रम उलटा झाल्यास काना ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. असे वर्तुळ म्हणजे त्या चिन्हाला आधार देणारे अक्षर यंत्राला सापडले नाही, असे समजावे. अ या अक्षराला काना जोडून आ लिहिणे ही चूक मात्र पुष्कळदा दृष्टीस पडत नाही.

वर्णानुक्रमाचाही उल्लेख करावयास हवा. परंपरागत मराठी वर्णमालेत ळ, क्ष व ज्ञ यांचे स्थान ह च्या नंतर आहे. केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावल्यास ळ हा ल च्या लगेच पुढे येतो व क्ष ने सुरू होणारी नावे क मध्ये मिसळतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे आज्ञावलीला आधी सांगितल्यास चांगल्या यंत्रणा हा क्रम योग्य लावतात. भाषेची ही नोंद अक्षरांच्या वळणासाठीही उपयोगी पडते. ल व श यांची मराठी व हिंदी वळणे भिन्न असली तरी त्यांचे संकेतांक एकच आहेत.

प्रमाणीकरण : भारतीय लिप्यांसाठी संगणकीय व्यवस्था घडविण्याचे महत्त्वाचे काम कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींनी केले. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, ते पुढे चालू राहिले. तेथील जिस्ट कार्ड संगणकात बसविल्यावर वर्डस्टारसारख्या मूळ इंग्रजी आज्ञावलीतही देवनागरी मजकूर लिहिता येई. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली व इन्स्क्रिप्ट कळफलकाचा त्या मानकात अंतर्भाव केला. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर आधारलेली आहे.

तथापि छपाईच्या व्यवसायात सु. दोन दशके निराळीच पद्धत रूढ होती. रोमन अक्षरांसाठी असलेल्या संकेतांकांच्या जागी देवनागरीचे दृश्य तुकडे बसविलेले टंक वापरले जात. अशा टंकांत सुबक अक्षरवळणे उपलब्ध होती आणि वृत्तपत्रांची व ग्रंथांची मोठी निर्मिती त्यांवर झाली. परंतु प्रत्येक संचातील तुकड्यांची जागा वेगळी असल्याने एका संगणकावर लिहिलेला मजकूर, तोच टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर, निरर्थक रोमन चिन्हांच्या ओळी म्हणून दिसे. ती चिन्हे म्हणजेच प्रत्यक्षात साठविलेला मजकूर असे. मराठी होती ती केवळ त्याची आकृती. त्या काळातील फायली आज उघडावयाच्या झाल्यास आधी टंक ओळखून परिवर्तक आज्ञावलीने त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. वेलांटी व रफार यांची स्थाने बदलत असल्याने या रूपांतरात नेमक्या त्यांच्याच चुका राहतात. म्हणून मूळ छापील प्रतीशी पडताळणी केल्याखेरीज जुनी फाईल वा ती प्रत टाकून देऊ नये.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व लिपी यांचे प्रमाण रूप निश्चित केले. युनिकोडमध्ये २००८ मध्ये समाविष्ट झालेल्या ॲ या अक्षराला त्यामुळे मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. हिंदीतील ऍ हे त्याचे समानार्थी असले, तरी त्याचा संकेतांक वेगळा आहे आणि मराठी मजकुरात ते वापरू नये.

शिक्षण : टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतल्या जातात. दीर्घकाळ यंत्रावर होणाऱ्या या परीक्षा आता संगणकावर घेण्यात येतात. लिपिकाच्या शासकीय पदासाठी मराठीत मिनिटाला ३० वा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग आवश्यक मानला जातो. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (स्थापना २००१) एम. एस.-सी. आय. टी. या अभ्यासक्रमाद्वारे शब्दप्रक्रियकाची ओळख ग्रामीण भागापर्यंत पोहोचली. वेगाच्या परीक्षेत मुख्यतः कागदावर वा पडद्यावर काय उमटले हे तपासले जाते. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आला किंवा एंटरने ओळी तोडल्या, तर मुद्रित प्रत पाहून ते कळत नाही. शिकविणाऱ्याने म्हणून विद्यार्थ्याची छापील प्रत न तपासता त्याची फाईल उघडून पाहावी. अदृश्य चिन्हे दाखविण्याची सोय बहुतेक आज्ञावलींत असते आणि तीमुळे रिकाम्या जागा व परिच्छेदांच्या खुणा पडद्यावर स्पष्ट दिसतात.

शुद्धलेखन तपासण्याच्या सोयीवर मराठीत इंग्रजीइतके विसंबता येत नाही. मराठी नामाला सामान्यरूप होऊन विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लागतात. शेतकरी, शेतकऱ्याला, शेतकऱ्यांनी, शेतकऱ्यांसाठीसुद्धा अशी एका नामाची रूपे डझनांनी होतात व ती सर्व शब्दसूचीत असतातच असे नाही. त्यामुळे शुद्ध शब्दाखालीही लाल रेघ उमटते आणि लिहिणारा हळूहळू सर्वच रेघांकडे दुर्लक्ष करू लागतो. आपल्या कामात वारंवार येणारी गावांची, नद्यांची व आडनावांची रूपे एकदा काळजीपूर्वक तपासून स्वतःच्या शब्दसूचीत घालून ठेवल्यास रेघांची संख्या घटते व उरलेल्या पाहण्याजोग्या होतात. मात्र सूचीत अशुद्ध रूप घातले गेल्यास यंत्र ते पुढे नेहमीच शुद्ध मानते.